उंबरसे मंडळींची पंगत

१

पितांबर दिवसभर लोकांच्या भांड्यांवर नावं टाकायचा आणि संध्याकाळी स्वतः बिननावाच्या ताटात जेवायचा. जळगावात तोतारामशेठच्या भांड्यांच्या दुकानात, काउंटरच्या अगदी टोकाला, एक बुटका स्टूल आणि नाव टाकायचं विजेचं मशीन एवढीच त्याची जागा होती. लग्नसराईत त्याला मान वर करायलाही फुरसत नसे. चर्र चर्र करत पाटील, चौधरी, महाजन, बोरसे, मग पुन्हा पाटील. "या पितांबरचा हात झोपेतसुद्धा पाटील लिहील," असं शेठ गिऱ्हाइकांना हसत सांगायचे.

पण उंबरसे हे आडनाव त्याच्या मशीनखाली कधी म्हणजे कधीच आलं नव्हतं. आणि तो स्वतः उंबरसे होता.

लोक विचारायचेच. "उंबरसे? उंबराच्या झाडाखाली राहत होते का तुमचे पूर्वज?" कुणी म्हणायचं गुजरातेतून आले असतील, कुणी म्हणायचं वऱ्हाडातून. एका मास्तरांनी तर उंबरठ्यापासून सुरुवात करून चहा गार होईपर्यंत व्याख्यान दिलं होतं. पितांबर सगळ्यांना होकार द्यायचा, कारण त्याला काही ठाऊकच नव्हतं. त्याचे वडील चुडामण हेही हेच काम करायचे, पण हातोडी आणि टोच्याने, एकेक टिंब ठोकून. आडनावाचा विषय काढला की ते एवढंच म्हणत, "आपलं एकच घर शे. इचारू नको." त्यांनी घरातल्या एकाही भांड्यावर नाव टाकलं नाही आणि कुणाला टाकूही दिलं नाही. शेजारणी हसायच्या, नाव टाकणाऱ्याच्या घरात वाटी हरवली तर ओळखायची कशी म्हणून.

धंद्याची एक गोष्ट मात्र त्यांनी पोराला घोकून घेतली होती. नाव लिहून झालं की शेवटच्या अक्षरापुढे एक जादा टिंब ठोकायचं. ते म्हणायचे, "नाव बंद करी टाक. उघडं नाव ठेवू नही." पितांबरला ही म्हाताऱ्याची खोड वाटायची. वडील वारल्यावर त्याने मशीन घेतलं आणि टिंब सोडून दिलं.

यातलं काहीच त्याला सतावलं नसतं, पण कुंदाबाईला पुन्हा दिवस गेले होते. दोन मुलं पोटातच गेली होती. तिसरं जन्मलं, रडलं, दूध प्यालं आणि पाचवी पुजायच्या आतच गेलं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून झाल्या होत्या. मेहरूणच्या त्यांच्या गल्लीत भागाबाई नावाची शेजारीण होती, तिचं निदान मात्र ठरलेलं होतं. "तुम्हाला कूळ माहीत नाही, भाऊबंद नाहीत. श्रावणात अख्ख्या खानदेशात घरोघर रोट होतात, तुमच्याच घरात चूल कोरडी. मूल टिकणार कसं?"

पितांबरचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण त्या रात्री कुंदाबाई जेवता जेवता थांबली, पोटावर हात ठेवून म्हणाली, "अहो, हे तरी राहू द्या मला. तुमची माणसं शोधा." तिच्या तोंडाकडे बघून तो हो म्हणाला.

२

शोधायला तो कुठे गेलाच नाही. आषाढातल्या एका दुपारी त्याची माणसंच दुकानात आली.

एक म्हातारी काउंटरशी उभी होती. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, काखेत फडक्यात बांधलेलं ताट. तिने ते पितांबरसमोर ठेवलं. "याच मापनं पितळनं ताट दे, भाऊ."

"नाव काय टाकायचं?"

"आते नही. नाव मंग."

माप बघायला पितांबरने जुनं ताट उचललं. काठावर टिंबांनी ठोकलेलं नाव होतं, जीवराम पुंडलिक उंबरसे. त्याने ते पुन्हा वाचलं. शेवटच्या अक्षरापुढे एक जादा टिंब होतं. अक्षरांची ठेवण, ओळीचा किंचित चढ, सगळं त्याच्या ओळखीचं होतं. वडिलांचा हात दिसल्यावर माणसाला गहिवरून यायला हवं, पण पितांबरला उगाच चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं.

"हे जीवराम कोण?" त्याने विचारलं.

"तुन्हा काका व्हता," म्हातारी म्हणाली. "तू चुडामणना आंडोर ना? मी वच्छला. तुन्ही आत्या."

त्याने आपलं नाव सांगितलं नव्हतं. पण चेहऱ्यावरून ओळखलं असेल, रक्ताचं माणूस ओळखतंच, अशी त्याने मनाची समजूत घातली. त्याला आनंदही झाला, खोटं कशाला बोला. त्याने शेठकडून तिच्यासाठी चहा मागवला. "आत्या, आणखी उंबरसे आहेत?"

"गंज शेतस. बठ्ठा एकच घरमा."

"मग एवढे सगळे असताना वडील का म्हणायचे, आपलं एकच घर..."

"एकच घर शे. तेच सांगस ना मी." तिने चहा बशीत ओतून शांतपणे प्याला. मग बशी खाली ठेवत विचारलं, "तुन्ही बायकोले कितवा महिना शे?"

बायका असं विचारतातच, म्हातारीने अंदाजाने खडा टाकला असेल, असं तो स्वतःला संध्याकाळपर्यंत बजावत राहिला. जाताना घराचा पत्ता सांगून ती म्हणाली, "श्रावणमा रोट शेतस. ये. तुन्हा बाप गया तरी तुन्ही मूठ आम्ही दर साल टाकतस."

रोट म्हणजे कुळाच्या देवाचा गोड नैवेद्य. त्याचं पीठ दळायच्या आधी घरातल्या प्रत्येक पुरुषामागे मूठभर धान्य घ्यायचं, ही खानदेशातली घरोघरची रीत. तो रोट घरच्यांनीच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही. इतकी वर्षं कुठल्याशा घरात आपल्या नावाची मूठ पडत होती आणि आपण मेहरूणला भाजीभाकरी खात बसलो होतो. मग ती मूठ खात कोण होतं, हा प्रश्न त्याच्या मनात आला आणि त्याने तो गिळून टाकला.

कुंदाबाईने सगळं ऐकलं आणि देव्हाऱ्यापुढे साखर ठेवली.

३

सुरतेकडे जाणाऱ्या पॅसेंजरने तो शिंदखेड्याला उतरला आणि पुढे बैलगाडीने गेला. गाव सोडून बरंच बाहेर, कपाशीच्या शेतांमध्ये ते घर होतं. मातीचं, धाब्याचं, नीट सारवलेलं. अंगणात बायका कामाला लागल्या होत्या. कुणी गंगाफळ चिरत होतं, कुणी खीर ढवळत होतं. सगळ्यांनी हसून त्याचं स्वागत केलं. "उना! चुडामणना पितांबर उना!" एका बाईने त्याच्या पायावर पाणी घातलं. इतकं कौतुक त्याचं सासरीसुद्धा कधी झालं नव्हतं.

सणाचं घर होतं, गाणी चालली होती, तरी काहीतरी कमी वाटत होतं. ते काय, हे त्याला हातपाय धुऊन बसल्यावर कळलं. ओसरीवर एक म्हातारा सोडला तर पुरुष कुठेच दिसत नव्हता. वाळत घातलेल्या कपड्यांत एक धोतर तेवढं होतं, बाकी सगळी लुगडी. बाहेर वहाणा होत्या त्याही बायकांच्याच.

"माणसं कुठे गेली सगळी?" त्याने विचारलं.

"जेवाले येतीन," वच्छलाबाई म्हणाली.

ओसरीवरचा म्हातारा हाडांचा सापळा झाला होता. पितांबर त्याच्या शेजारी बसला, नाव विचारलं.

"भिका," म्हातारा म्हणाला. बोलायला माणूस मिळाल्यावर तो जरा खुलला. "मन्हा पहिले मायना चार पोरे गयात. मंग माले सुपमा घालं, गावमा भीक मांगी. म्हनीसन भिका. असं नाव ठेवं का मरन तोंड फिराई लेस."

"आणि तुम्ही टिकलात, नाना."

"टिकनू ना." भिकानानाने आतल्या दाराकडे पाहिलं. कोपऱ्यात नवं कोरं ताट भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. पितांबरनेच दुकानातून दिलेलं. त्याच्याकडे बघताना म्हाताऱ्याच्या मानेची शीर उडत होती. "हाऊ सालना पाव्हना मी व्हतू," तो हळूच म्हणाला. "आते तू उना. बरं झायं."

पितांबरला त्याचा अर्थ लागला नाही. लागला असता तरी त्याने लावून घेतला नसता, कारण तो तिथे बाळासाठी आला होता आणि बाळासाठी आलेल्या माणसाला सगळंच शुभ दिसतं.

४

पंगत मधल्या खोलीत होती. त्या खोलीला खिडकी नव्हती, आणि बाहेर भर दुपार असून आत समईचाच उजेड होता. भिंतीला लागून ताटांची रांग मांडलेली, चारी भिंतींना वळसा घालून गेलेली. सगळी पितळी, चिंचेने घासून लख्ख केलेली. प्रत्येक ताटापुढे पाट, पाण्याचा तांब्या.

पितांबरने सवयीने काठांवरची नावं वाचली. सगळे उंबरसे होते. इतके उंबरसे त्याने जन्मात पाहिले नव्हते. जुनी नावं वेगळ्या हाताची होती. त्यानंतरची ओळीने वडिलांची, प्रत्येकाच्या शेवटी ते जादा टिंब. अलीकडची कुणीतरी अडाणीपणाने खिळ्याने खरवडलेली. त्याला मनात म्हणावंसं वाटलं, मिळाले बाबा भाऊबंद एकदाचे. पण तो विचार काही गोड लागला नाही. रांगेत एक ताट असं होतं की त्यावरचं नाव कानसीने घासून काढलेलं होतं. पितळ तिथे पातळ होऊन पार भोक पडलं होतं. त्या ताटापुढेही पाट होता.

त्याला आणि भिकानानाला रांगेच्या शेवटी बसवलं. त्यांची ताटं बिननावाची होती. वच्छलाबाईने सगळ्या ताटांत रोटाचे तुकडे, खीर, भाजी वाढली. कुठेही हात आखडता घेतला नाही.

"आत्या, बाकीचे येऊ दे ना आधी."

"तू आपलं ताट पाह्य. दुसराना ताटमा पाहू नको. खाली मान घालीसन जेव."

बायका बाहेर गेल्या आणि दार लागलं. बाहेर गाणं सुरू झालं, टाळ्यांवरचं, सणाचं.

पितांबरने रोटाचा तुकडा मोडला. गूळ बरोबर पडला होता, वास खमंग होता, हे त्याला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. पहिला घास त्याने चावला आणि थांबला. त्याचं चावणं थांबलं तरी चावण्याचा आवाज थांबला नाही.

भिकानाना जेवतोय, असं त्याने ठरवलं. पण भिकानाना हात ताटात ठेवून डोळे मिटून बसला होता. समोरच्या भिंतीकडून खिरीचा भुरका आला. डावीकडे कुणीतरी तांब्या उचलून पाटावर ठेवला, तो ठक्क आवाज पितळेचा होता, यात त्याची चूक होणं शक्य नव्हतं. आयुष्य गेलं होतं पितळेत. जुनं घर आहे, आवाज घुमतो, बाहेरच्या गाण्याचा भास होतो, उंदीर असतील. एवढे सगळे खुलासे त्याने मान खाली घालून, घास गिळत, एकामागून एक मांडून पाहिले. मग त्याच्या अगदी जवळून, जिथे ते भोक पडलेलं ताट होतं तिथून, एका लहान मुलाने तोंड भरलं असताना हसावं तसं कुणीतरी हसलं.

त्याने मान वर केली नाही. दार उघडलं तेव्हा रांगेतली सगळी ताटं रिकामी होती, बोटाने निपटून घेतलेली. भिकानानाचं ताट तेवढं भरलेलं होतं.

५

"आते एक काम कर," वच्छलाबाई म्हणाली. तिने नवं ताट त्याच्या मांडीवर ठेवलं आणि एक लाकडी पेटी उघडली. आत हातोडी होती, टोचा होता. टोच्याच्या मुठीला जिथे बोट बसतं तिथे खळगा पडला होता. पितांबरचं बोट त्यात बरोबर बसलं. "तुन्हा बापना हातनं शे. नाव टाक."

"कुणाचं?"

"कोन्हंबी. उंबरसे पाहिजे, बस. ताट रिकामं ऱ्हास नही आम्हना घरमा. नाव पडनं का तुन्ही बायको सुखानं मोकळी व्हई. पोऱ्या रडत येई, हात-पाय मारत येई. मी सांगस ना."

"ही ताटं मेलेल्यांची आहेत ना, आत्या?"

"ताटवर नाव पहिले," ती म्हणाली. "बाकी मंग."

बायका दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. चेहऱ्यावर तेच हसू, तेच कौतुक. भिकानाना ओसरीवर जाऊन बसला होता, तिथून त्याच्याकडे टक लावून बघत होता. त्याने दोन्ही हात जोडले होते, देवापुढे जोडतात तसे.

पितांबर भोळा नव्हता. स्वतःचं नाव त्याने टाकलं नसतं. त्या जोडलेल्या हातांकडे बघून भिकाचं टाकणंही जमेना. उठून चालू लागावं, तर कुंदाबाईचा हात पोटावर होता. मग त्याला तोड सुचली, आणि ती सुचल्यावर त्याला जवळजवळ हसू आलं. मुळात नसलेल्या माणसाचं नाव टाकायचं. असा उंबरसे, जो झाला नाही आणि होणार नाही. जगात कुणाच्या केसाला धक्का लागायचा नाही, म्हातारीही खूश.

नाव कोणतं घ्यायचं, हे त्याच्याइतकं नीट कुणाला कळणार? रोज बारशाच्या वाट्या-चमचे त्याच्या हाताखालून जायचे. हल्ली पोरं संदीप असायची, योगेश, निलेश, प्रशांत. जुनी गावठी नावं बाजारातून उठली होती. त्यातलंच एक त्याने उचललं. टोचा लावला आणि ठोकायला सुरुवात केली. लोटन.

"लोटन कोन?" वच्छलाबाईने विचारलं.

"आहे एक."

"बापनं नाव?"

नसलेल्या माणसाला बाप कुठून आणायचा? "ते नंतर टाकू," तो म्हणाला, मध्ये एका नावाची जागा सोडली आणि पुढे उंबरसे ठोकलं. शेवटचं टिंब ठोकायचं त्याच्या लक्षातही आलं नाही.

ओसरीवर भिकानाना हुंदके देऊन रडू लागला. मग त्याने रोट मागितला.

६

कुंदाबाई सुखरूप बाळंत झाली. भर थंडीत, पहाटेच्या वेळी, मुलगा. रडत आला, हात-पाय मारत आला. पाचवी पुजली गेली आणि बाळ दूध पीत राहिलं. कुंदाबाईची आई द्रौपदाबाई असोद्याहून डिंकाचे लाडू आणि भरताची वांगी घेऊन आली होती. ती नातवाला तेल लावताना इतकी बोलायची की भागाबाईलाही गप्प बसावं लागे. "सांगितलं होतं ना," एवढं मात्र भागाबाई रोज म्हणून जायची.

पितांबर दुकानात शीळ घालू लागला. शेठनी पेढे वाटले. रात्री कधी त्याला ते चावणं ऐकू यायचं, तेव्हा तो उठून पाळण्यापाशी जायचा, बाळाच्या नाकापुढे बोट धरायचा आणि तो गरम श्वास बोटाला लागला की त्याला आपल्या हुशारीचं कौतुक वाटायचं. आपण लोटन नावाच्या कुणालाही ओळखत नाही. बस, संपलं.

"नाव निलेश ठेवायचं," त्याने कुंदाबाईला सांगितलं. तिलाही ते आवडलं.

"पण कानात सांगायला आत्या हवी ना," ती म्हणाली. "मी पत्र टाकलंय तुमच्या वच्छलाआत्यांना. त्यांच्यामुळेच तर सगळं झालं. तुमची आत्या ती बाळाची आजीच, तिने सांगितलं तरी चालतं, आई म्हणाली."

पितांबरला हे आवडलं नाही. का आवडलं नाही हे सांगायचं तर पंगतीचं सांगावं लागलं असतं, आणि बाळंतिणीला असलं काही सांगतात का? तो गप्प बसला. आयुष्यात नंतर त्याला अनेक गोष्टींचा पश्चात्ताप झाला, पण त्या गप्प बसण्याचा सगळ्यात जास्त.

७

बारशाला वच्छलाबाई आली, सोबत भिकानाना. पितांबरने त्याला आधी ओळखलंच नाही. गाल भरले होते, पाठ सरळ झाली होती. गल्लीतून काठीशिवाय चालत आला आणि आल्या आल्या लाडूंवर तुटून पडला.

घर बायकांनी भरलं. पाळण्याला फुलांच्या माळा, खाली रांगोळी. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" करत बाळ पाळण्याखालून-वरून फिरलं. पितांबर दाराशी उभा राहून पाणी, सुपारी बघत होता.

"आत्याबाई, नाव माहीत आहे ना? निलेश," कुंदाबाई म्हणाली.

तेवढ्यात द्रौपदाबाईने तोंड घातलं. "ते कागदावरचं झालं. आधीची तीन गेली आहेत, विसरू नका. आमच्याकडे असं झालं की चांगलं नाव नाही ठेवत. दगडू ठेवतात, भिका ठेवतात. मरणाला वाटायला हवं, हे टाकून दिलेलं पोर आहे, याला कोण नेतं."

"बराबर शे," भिकानाना तोंडात लाडू असतानाच म्हणाला. "मी शे ना जित्ता."

बायकांनी माना डोलावल्या. पितांबरच्या हातातला तांब्या कलंडला. जुनी नावं बाजारातून उठली होती हे खरं, पण ज्या घरातली पोरं जातात त्या घरासाठी ती अजून राखून ठेवलेली होती, आणि हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. भिकानानाने तर त्याच्या तोंडावर सांगितलं होतं. आणि शोधून शोधून त्याने नेमकं त्यातलंच एक उचललं होतं, लोटून दिलेल्या पोराचं.

"थांबा," तो म्हणाला. "आत्या, थांबा!"

वच्छलाबाई पाळण्यावर वाकली होती. तिने पदर आडवा धरला, बाळाच्या कानाशी तोंड नेलं. कुर्रर्र, आणि काहीतरी पुटपुटली. बायकांनी हसत हसत तिच्या पाठीत धपाधप थापट्या मारल्या. तिने वर पाहिलं, सगळ्यांना नाव सांगितलं, आणि सांगताना ती पितांबरकडे बघत होती.

"लोटन."

"छान!" द्रौपदाबाई म्हणाली. "आता नाही याला काही होत."

८

आहेर म्हणून वच्छलाबाईने फडक्यातून पितळी ताट काढलं. बायकांनी ते हातोहात फिरवलं, केवढं जड आहे म्हणून वाखाणलं. "नावसुद्धा टाकून आणलंय!" शेवटी ते पितांबरकडे आलं.

त्याने सोडलेली जागा भरलेली होती. लोटन पितांबर उंबरसे. मधल्या अक्षरांना किंचित चढ होता. ताज्या टिंबांच्या कडेची धारदार कच अजून निघाली नव्हती, ती बोटाला टोचली. शेवटच्या अक्षरापुढे एक जादा टिंब होतं, खोल, निगुतीने ठोकलेलं. नाव बंद केलेलं होतं.

वडिलांना जाऊन वर्षं झाली होती. त्यांनी मरताना पाणी मागितलं होतं आणि त्याचा हात घट्ट धरून ठेवला होता. आता ते कुठल्या खोलीत बसून कुणाच्या सांगण्यावरून ठोकत होते, याचा विचार पितांबरने केला नाही. तो ताट घेऊन पुढच्या खोलीत गेला, कडी लावली आणि हत्यारांच्या डब्यातून कानस काढली. कोरलेलं नाव पुसता येत नाही, हे तो रोज गिऱ्हाइकांना सांगायचा. पण घासून काढता तर येतं.

आत बाळ भुकेने रडत होतं. त्याने पहिल्या अक्षरावर कानस दाबून ओढली. घर्र.

रडणं कापल्यासारखं थांबलं. ओसरलं नाही, हुंदका नाही, मध्येच कापलं गेलं. आत बायकांची धावपळ झाली. "अगं, निळं पडलं! तळवे चोळा, तळवे!" पितांबरने कानस उचलली. आत बाळाने श्वास ओढला आणि टाहो फोडला.

योगायोग. पोरं रडता रडता श्वास धरतात. त्याने पुन्हा कानस टेकवली, या वेळी अगदी हलकेच, पिसासारखी. आतलं रडणं त्याच क्षणी नाहीसं झालं आणि कुंदाबाईची किंकाळी त्याच्या कानांत शिरली.

त्याच्या हातातून कानस पडली.

कडी लावलेली असूनही वच्छलाबाई आत उभी होती. तो कडीचा विचार करत बसला नाही.

"पुसू नको, भाऊ," ती म्हणाली, लहान मुलाची समजूत घालावी तसं. "तुन्हा बापनीबी पुसी पाह्यं व्हतं."

"कुणाचं नाव?"

"तुन्हा मोठा भाऊनं."

त्याला मोठा भाऊ नव्हता. कधी कुणी तसं म्हटलंही नव्हतं. मग त्याला ते ताट आठवलं, नाव घासून भोक पडलेलं, आणि तिथून आलेलं ते तोंड भरलेलं हसणं.

"त्याना हात थांबनाच नही," ती म्हणाली. "तू थांबना. तू शहाना शे." तिने दोन्ही हात पुढे केले. "आन. श्रावणलगून माले घासी-पुसी ठेवनं पडी."

ताट न दिलं तर काय, हे तिने सांगितलं नाही, आणि त्याने विचारलं नाही. श्रावण अजून लांब होता. तोवर बाळ पालथं पडेल, रांगेल, दात येतील. तोवर काहीतरी सुचेल, आपल्याला सुचतंच, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण ऐकणारं आत कुणी उरलं नव्हतं.

भिंतीपलीकडून कुंदाबाईचा आवाज आला, रडून रडून हलका झालेला. "अहो, या ना इकडे! हसतोय बघा लोटन!"

पितांबरने ताट उचललं, धोतराच्या सोग्याने त्यावरचा पितळेचा कीस पुसला, पोचे पडू नयेत म्हणून फडक्यात नीट गुंडाळलं आणि आत्याच्या हातात दिलं.